दुसऱ्या खोलीतलं गाणं

"हे बटण दाबलं की हॉल," लांजेवार म्हणाला, "आणि हे दाबलं की स्वयंपाकघर. मॅडम, तुम्हीच दाबून बघा."

आईनं पदराखालचा हात बाहेर काढला नाही. "यांना दाखवा," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळते?"

"अगं, तुझ्यासाठीच तर आहे ते!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. कोपऱ्यातल्या दोन छोट्या स्पीकरांतून सतार वाजायला लागली. समोरच्या मोठ्या स्पीकरांवर बासरी चालू होती ती तशीच चालू राहिली. बाबांनी आमच्याकडे असं पाहिलं, की जणू दोन्ही वाद्यं त्यांनीच धरली आहेत.

मे महिन्यातली सकाळ होती. नागपुरात अकरानंतर घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून आम्ही लांजेवारचं दुकान उघडताउघडताच धरमपेठेत पोचलो होतो. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. बेसा भागात बाबांचं नवं घर उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, प्लास्टर व्हायचं होतं. वायरमन रोज विचारत होता, "साहेब, स्पीकरच्या वायरी कुठं कुठं टाकू?" त्याचं उत्तर त्या दिवशी ठरणार होतं.

माझे बाबा, वामनराव गोतमारे, पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. सगळी नोकरी धरणांच्या कॉलन्यांमध्ये गेली. सरकारी क्वार्टर्स, भोवती जंगल आणि संध्याकाळी करण्यासारखं काही नाही. बरोबरीचे लोक पत्ते खेळत. बाबांना गाण्याचं वेड होतं. रेकॉर्डी, मग कॅसेटी, मग सीड्या. बदली झाली की आधी गाण्याच्या पेट्या ट्रकमध्ये चढत आणि मग आमचं सामान. रविवारी त्यांच्याकडे चार माणसं ऐकायला जमत. डाखोळे सर तर दुसऱ्या गावाहून स्कूटरवर येत. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा दंडकच होता. बैठक सुरू व्हायच्या आधी बाबा आत डोकावून म्हणत, "प्रमिला, दार लोटून घे गं." कुकरची शिट्टी झाली तर एखादी तान हातची जायची. आई दार लोटून घ्यायची. चहा तयार झाला की दार बोटभर उघडून ट्रे बाहेर सरकवायची आणि पुन्हा लोटायची.

याबद्दल तिनं कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरातली ती एक पद्धत होती.

निवृत्तीनंतर मात्र बाबांना हे टोचायला लागलं होतं. एक वर्ष ते वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं जमवत होते. मला फोनवर सांगत, "मंजू, असा रिसीव्हर येतो, की एकाच मशीनवर घरातल्या तीन खोल्यांत वेगवेगळं लावता येतं. हॉलमध्ये माझं, स्वयंपाकघरात तुझ्या आईचं. तिनं जन्मभर दाराआडून ऐकलं. आता तिला तिचे स्वतःचे स्पीकर." ते मनापासून बोलत होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

लांजेवारनं दोन मशीनं पुढ्यात ठेवली होती. एक साधं, हॉलपुरतं. दुसरं मोठं, खोल्या वाटून देणारं. तो बोलका माणूस होता आणि प्रत्येक वाक्य आईला उद्देशून टाकत होता, कारण बाबा तर आधीच त्याच्या बाजूचे झाले होते.

"याला सात स्पीकर चालतात मॅडम. पाच हॉलला दिले की दोन उरतात. ते दोन स्वयंपाकघराला. बेडरूमला हवे असतील तर एक छोटा अँप्लिफायर वेगळा जोडायचा, त्याची सोय मागे दिलेली आहे."

"पण डिजिटल वायरीतून आलेलं दुसऱ्या खोलीत वाजते का?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी घरून पाठ करून आणला होता.

"या मॉडेलला नाही वाजत साहेब, खोटं कशाला सांगू? तुमचा सीडी प्लेयर जुन्या लाल-पांढऱ्या वायरीनं पण जोडून घ्यायचा. मग वाजते."

"आणि आवाज कमीजास्त?"

"भिंतीवर गोल बटण बसवून देतो ना. मॅडमनी तिथल्या तिथे फिरवायचं. हॉलमध्ये तुम्हाला पत्ता पण लागणार नाही."

आता आईनं विचारलं, "एकाच खोलीचं येत नाही का?"

"येते ना, हे काय समोर. पण आता सगळे वेगळ्या खोल्यांचंच घेतात मॅडम. साहेबांचं इकडे चालू, तुमचं तिकडे, पोरांचं त्यांच्या खोलीत. कोणाची कोणाला अडचण नाही."

"अडचण नाही," आई हळूच म्हणाली. मग बाबांकडे वळून, "एकाच खोलीचं घ्या ना."

बाबा हसले. "पाहिलं का लांजेवार? हिचा स्वभावच असा. स्वतःसाठी म्हटलं की हिला आधी काटकसर सुचते."

"काटकसर नाही. मला स्वयंपाकघरात नको."

"का?"

"नको वाटते."

"अगं, पण कारण तरी सांगशील?"

आई समोरच्या स्पीकरच्या जाळीकडे पाहत राहिली. लांजेवारनं प्रसंग सावरला. "आधी एकदा बसून तर ऐका मॅडम. मग ठरवा," असं म्हणून तो आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेला. भिंतींना जाड कापड लावलेली, बिनखिडक्यांची खोली. मधोमध दोघांना पुरेलसा सोफा. "आज साहेब नाही, आज मॅडम मधे बसतील," त्यानं जाहीर केलं.

आई अवघडून बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून. बाबांनी घरून आणलेली सीडी दिली आणि ते दाराजवळ माझ्या शेजारी उभे राहिले. एक जुनी ठुमरी होती, आमच्या घरात असंख्य वेळा वाजलेली. सुरुवातीचा तंबोरा खोलीत भरला आणि आईनं चक्क दचकून दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी येऊन बसलंय का शेजारी, अशा नजरेनं. मग तिचे खांदे सैल पडले. पर्स घसरून सोफ्यावर आली, तिच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं तिनं मागे वळून बाबांकडे पाहिलं. मग ती सोफ्यावर जराशी सरकली, आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"नाही नाही, तू मधेच बस," बाबा कुजबुजले. "बाजूला सरकलीस तर डाव्या-उजव्याचा तोल जातो. आवाज मधल्या जागेवरच बरोबर येतो."

आई पुन्हा मधे सरकली. नंतर मात्र तिनं मागे पाहिलं नाही. ठुमरी संपली तेव्हा ती म्हणाली, "हे असं संपते होय? मला वाटायचं, ते मोठ्यानं म्हणतात तिथेच संपते."

"त्यानंतर तर खरी गंमत आहे!" बाबा उत्साहानं पुढे झाले. "आता पाहा, स्वयंपाकघरात तुला सगळं शेवटपर्यंत ऐकायला मिळेल."

आईनं पर्स उचलली. "तुम्हाला पटेल ते घ्या," ती म्हणाली.

बाबांनी मोठं मशीन घेतलं. स्वयंपाकघराला दोन स्पीकर, बेडरूमला दोन. दुकानातून निघाल्यावर आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. बाबा वायरमनला फोन लावत होते. तेवढ्यात मी आईला विचारलं, "नको कशाला म्हणत होतीस गं? चांगलं तर आहे."

"चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण दोघांचा स्वयंपाक तो किती? तिथं मी असते तरी कितीक वेळ?" आणि रसाचा ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाली, "बर्फ जास्त टाकला यानं."

मला तेव्हा ते पटलं.

दसऱ्याच्या आसपास ते नव्या घरात राहायला गेले. वास्तूला आलेल्या प्रत्येकाला बाबांनी स्वयंपाकघरात नेऊन छताजवळचे स्पीकर दाखवले. माझ्या मावश्या तर चकितच झाल्या. "बाप्पा! प्रमिलाताईची मजा आहे!" म्हणाल्या. आईनं हसून सगळ्यांना शिरा वाढला.

त्या वर्षी दिवाळीला मी आठवडाभर आधीच गेले. घरात आता बाबांचा नवा क्रम बसला होता. सकाळी अंघोळ झाली की ते हॉलमध्ये खुर्चीत बसायचे. स्वतःसाठी एखादा ख्याल लावायचे आणि आईसाठी काहीतरी हलकंफुलकं निवडायचे, नाट्यपद, भजन, जुनं भावगीत. रोज निवड वेगळी. मधेच हाक मारून विचारायचे, "प्रमिला, कसं वाटलं ते?" आतून उत्तर यायचं, "छान आहे हो." बाबा समाधानानं मान हलवायचे. डाखोळे सर आता थकले होते, त्यांचं येणं सुटलं होतं. बाकीचे जुने मित्र पांगले होते. हॉलमध्ये चांगल्या चार खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरच कुणी बसत होतं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी चकल्या करायला बसलो. बोलताबोलता माझ्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरात काहीच वाजत नाही. बाहेरून मात्र बाबा ओरडले, "तिकडेही हेच लावलंय, ऐका आता दोघी!"

"ऐकतोय!" आईनं उत्तर दिलं आणि सोऱ्या पुन्हा फिरवला.

मी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. ते पार डावीकडे फिरवलेलं होतं. आईनं माझी नजर पाहिली. तेवढ्यात बाबाच आत आले. गाण्यातली एखादी जागा कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बोट वर धरून, डोळे अर्धे मिटून ते दारातून आले. "आता येते बघा, आता..." म्हणाले, आणि थांबले.

कढईत चकली तळल्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

त्यांचं बोट तसंच वर होतं. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग बटणाकडे. "बिघडलं का?"

"नाही," आई म्हणाली.

"मग बंद काऊन आहे? मंजूशी बोलायचं होतं म्हणून?"

आईला 'हो' म्हणता आलं असतं. मला वाटलं, ती तसंच म्हणेल. पण तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि म्हणाली, "मी लावतच नाही ते."

"केव्हापासून?"

"राहू द्या ना आता."

"केव्हापासून, प्रमिला?"

"आलो तेव्हापासूनच. पहिले दोनचार दिवस लावलं असेल."

बाबा स्टुलावर बसले. "पण मी रोज विचारत होतो ना. तू छान म्हणायचीस."

"तुम्ही इतक्या हौसेनं विचारत होते. काय सांगू?"

"आवडलं नव्हतं तर दुसरं लावलं असतं. तुला पाहिजे ते लावलं असतं. मी काय, मी तुझ्यासाठीच..." मला त्यांची फार दया आली. एवढा मोठा माणूस शाळेत पेपर चुकलेल्या मुलासारखा बसला होता.

"गाणं आवडत नाही असं नाही," आई म्हणाली. "पण मला गाणं पाहिजे होतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? मला तुमच्याजवळ बसायचं होतं. रविवारी दार लोटून मी आत बसायची ना, तेव्हा गाण्याचं मला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, आपला नवरा तिथं इतका खुश आहे, तर तो कसा दिसत असेल? डाखोळे सरांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं." ती बोलताना रडत वगैरे नव्हती. चकल्या झाऱ्यानं उलटवत, नेहमीच्या आवाजात ती बोलत होती. "म्हणून म्हटलं होतं, एकाच खोलीचं घ्या. एकाच खोलीचं असतं तर मला बाहेर बोलवावं लागलं असतं तुम्हाला."

बाहेर गाणं संपून गेलं होतं. बाबा स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "रविवारी बस माझ्याजवळ. बसशील?"

आई संकोचून हसली. "या वयात?" म्हणाली. पण मला दिसलं, की ती आनंदली होती.

तो रविवार मी डोळ्यांनी पाहिला. जेवणं लवकर उरकून आईनं झाकपाक केली. घरात नेसायची साडी बदलून तिनं हिरवी इरकली नेसली. बाबांनी दोन खुर्च्या जवळजवळ लावल्या होत्या. या वेळी डाव्या-उजव्या तोलाचं त्यांनी नाव काढलं नाही. मी जेवणाच्या टेबलाशी मासिक उघडून बसले होते.

गाणं सुरू झालं आणि बाबा बोलायला लागले. "आता हे बघ, ही जी चीज आहे ना, ही मूळ वेगळ्या चालीत होती... ऐक, आता तो सूर लावतील... पाहिलंस? हा जो ठहराव आहे, तो..." त्यांना तिला एका दुपारी सगळं देऊन टाकायचं होतं. आई मान हलवत होती. ती स्पीकरकडे पाहत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. बाबांना मात्र वाटलं, हिचं लक्ष नाही.

"तिकडे लक्ष दे ना," ते म्हणाले.

"देते. तुम्ही जरा बोलू नका."

बाबा दुखावले. गप्प झाले. बराच वेळ दोघंही ताठ बसून राहिले, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. मग आईला काय करावं कळेना. जन्मभर तिचे हात कधी रिकामे राहिले नव्हते. ती उठून वालाच्या शेंगांचं ताट घेऊन आली आणि पुन्हा बाबांच्या शेजारी बसून शेंगा निवडायला लागली. आता तिचा चेहरा निवळला. बाबांकडे पाहत, गाणं ऐकत ती एकेक शेंग मोडत होती. मला वाटलं, जमलं. आता जमलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. गाणं वर चढत होतं. शेंग मोडल्याचा बारीकसा 'टक' आवाज झाला आणि बाबांच्या तोंडून, डोळे न उघडताच, निघून गेलं, "श्शू!"

आईचा हात थांबला.

बाबांनी तत्काळ डोळे उघडले. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं. "नाही नाही, तसं नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "निवड तू, निवड. सवयीनं गेलं तोंडातून."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिनं सांडलेली सालं ताटात गोळा केली आणि ती उठली. "दूध उतू जाईल. येते बघून."

"ये मग. मी थांबवून ठेवतो."

त्यांनी गाणं खरंच थांबवलं. रिमोट हातात धरून ते दाराकडे बघत राहिले. आत भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू झाला, बंद झाला. आई आली नाही. बऱ्याच वेळानं ती आतूनच म्हणाली, "तुम्ही ऐका. मला ऐकू येते इथून."

त्यानंतर ते दर रविवारी तिला बोलवत राहिले. फोनवर आई मला हसत सांगायची, "आजही बोलवलं होतं गं तुझ्या बाबांनी." "मग गेलीस का?" विचारलं की म्हणायची, "जाईन गं. घाई काय आहे?" राग धरून ती तसं करत होती असं मला वाटत नाही. बाहेर जाऊन बसायची तिची हौसच विझून गेली होती. आपण शेजारी बसलो की त्यांनाही मोकळं वाटत नाही, हे तिनं एका दुपारी पाहिलं होतं. एकदा मी बाबांना म्हटलं, "तुम्हीच आत जाऊन बसा ना." ते म्हणाले, "गेलो होतो. ती म्हणते, तुम्ही मधे मधे येता."

दोन वर्षांनी, थंडीत, आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

बाबांना मी पुण्याला घेऊन आले. मशीन, स्पीकर आणि सीड्यांच्या पेट्या त्यांनी डाखोळे सरांच्या मुलाला देऊन टाकल्या. माझ्या नवऱ्यानं खूप सांगून पाहिलं, की आपल्या हॉलमध्ये बसवू. बाबा म्हणाले, "नको. माझं ऐकून झालं."

आमच्याकडे ते सकाळी पेपर घेऊन हॉलमध्ये बसत. एक दिवस मी स्वयंपाक करत होते, तेव्हा ते प्लास्टिकची खुर्ची ओढत ओट्याजवळ आले.

"चहा हवा का बाबा?"

"नको."

"रेडिओ लावू?"

"नको गं. तू कर तुझं काम. मी नुसता बसतो."

मी कांदा चिरत होते, ते बघत राहिले. कढई तापली, मी तेल घातलं. ते नीट वाकून बघत होते.

"मंजू," ते म्हणाले, "हे आधी मोहरी टाकायची, की जिरं?"

"मोहरी. ती तडतडली की जिरं."

त्यांनी मान हलवली. मोहरी तडतडून शांत होईपर्यंत ते थांबले, आणि मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तुझी आई पण असंच करायची का गं?"